वीरधवल खाडे: ग्वांगझूचं ब्राँझ मोठं की जकार्ताचा चौथा क्रमांक?

राजारामपुरी७

जलतरणपटू वीरधवल खाडेचं नाव काढलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेतलं ब्राँझ आणि दुसरं २०१८ ला जकार्तात शतांश सेकंदाने हुकलेलं ब्राँझ. पहिल्याबद्दल लोक कौतुकाने बोलतात, दुसरं आठवलं की हळहळतात. मला मात्र गेली काही वर्षं ठामपणे वाटतंय की त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कामगिरी जकार्ताचीच. ग्वांगझूचं पदक माझ्या लेखी तिच्यानंतर येतं. यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

ज्यांनी हे सगळं जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वीरधवल आमच्या कोल्हापूरचा, जन्म २९ ऑगस्ट १९९१ चा. पोहण्यात पुढे जायचं म्हणून कमी वयात घर सोडून बंगळुरूला निहार अमीन सरांकडे गेला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला उतरला तेव्हा सतरावं वर्ष पूर्ण व्हायला अजून काही दिवस होते. ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल, तिन्ही पोहला. त्या वर्षी भारताचे चार जलतरणपटू गेले होते: वीरधवल, संदीप सेजवाल, रेहान पोंचा आणि अंकुर पोसेरिया. तिथून आल्यावर ऑक्टोबरात पुण्याला बालेवाडीत राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, तिथेही त्याने पदकं घेतली. त्या दोन-तीन वर्षांत कोल्हापुरातल्या कुठल्याही टँकवर जा, पोरांच्या तोंडी एकच नाव असायचं.

मग नोव्हेंबर २०१०, ग्वांगझू. ५० मीटर बटरफ्लाय, २४.३१ सेकंद, ब्राँझ. त्याआधी आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणातलं पदक मिळालं होतं ते १९८६ ला सोलमध्ये, खजान सिंगचं २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य. मधल्या पाच आशियाई स्पर्धा कोरड्या गेल्या होत्या. चोवीस वर्षांचा दुष्काळ एकोणीस वर्षांच्या पोराने संपवला. २०११ ला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि महाराष्ट्र शासनाने त्याला तहसीलदार म्हणून नेमलं.

इथून पुढची वर्षं कोणी फारशी सांगत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला भारताचा एकटा गगन उल्लालमठ गेला. २०१६ च्या रिओला साजन प्रकाश आणि शिवानी कटारिया. वीरधवल दोन्हीकडे नाही. एकविसाव्या वर्षीही नाही आणि पंचविसाव्या वर्षीही नाही. जलद पोहणाऱ्या माणसाची ही ऐन उमेदीची वर्षं, आणि ती अशी गेली.

आणि मग २०१८. नोकरी सांभाळून, रजा घेऊन परत बंगळुरूला सराव. जकार्तात ५० मीटर फ्रीस्टाइलच्या सकाळच्या हीटमध्ये २२.४३, नवा राष्ट्रीय विक्रम! सत्ताविसावा वाढदिवस तोंडावर आलेला असताना. संध्याकाळच्या फायनलमध्ये २२.४७. ब्राँझ जपानच्या शुनिची नाकाओला, २२.४६.

आता हे आकडे पुन्हा एकदा वाचा. सकाळची वेळ २२.४३ आणि संध्याकाळी ब्राँझ गेलं २२.४६ ला. सकाळी पोहला तसाच संध्याकाळी पोहला असता तर पदक त्याचं होतं. यावर लोक हळहळतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण आठ वर्षांनंतर, इतक्या खंडानंतर, नोकरी करणारा माणूस आयुष्यातलं सर्वांत वेगवान ५० मीटर पोहतो, याला आपल्या जलतरणात दुसरं उदाहरण कुठे आहे?

---

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

धागा काढल्याबद्दल आभार. बरीच वर्षं टँकच्या काठावर उभा राहून मुलं शिकवतोय, तेव्हा या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

राजारामपुरी, तुमच्याशी सहमत. पण सव्विसाव्या वर्षी ५० फ्रीला परत येणं म्हणजे नक्की काय, ते सांगायला हवं. लोकांना वाटतं ५० मीटर म्हणजे एक लॅप, ताकद असली की झालं. प्रत्यक्षात ही सर्वांत निर्दय शर्यत आहे. दोनशे मीटरमध्ये स्टार्ट फसला तर भरून काढायला वेळ असतो. पन्नासमध्ये ब्लॉकवर जे गेलं ते गेलंच. नियमाने पंधरा मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर यावं लागतं, म्हणजे उडी, पाण्याखालची किक आणि ब्रेकआउट (पाण्यावर येऊन मारलेला पहिला स्ट्रोक) यातच शर्यतीचा मोठा हिस्सा संपतो. वरचे पोहणारे पूर्ण ५० मीटरमध्ये एकदाच श्वास घेतात, काही जण तर घेतच नाहीत.

आणि सर्वांत आधी जातं ते पाण्याचं भान. मुलं म्हणतात ना, सर, आज पाणी पकडलं जात नाही. हात तोच असतो, ताकद तीच असते, पण तळव्याखालून पाणी निसटतं. सुट्टीवरून आलेल्या मुलांना हे पहिले काही दिवस जाणवतंच. वर्षानुवर्षं नियमित सराव नसेल तर ते परत मिळवताना माणूस रडकुंडीला येतो. जिममध्ये वजनं उचलून ते येत नाही, पाण्यातच उतरावं लागतं, रोज, पहाटे आणि संध्याकाळी.

अजून एक. २००८ आणि २००९ ही पॉलियुरेथिनच्या सूटची, म्हणजे अंग पाण्यात हलकं ठेवणाऱ्या सुपरसूटची वर्षं होती. विक्रमांचा पाऊस पडला होता. १ जानेवारी २०१० पासून ते सूट बंद झाले, त्यानंतर भलेभले आपल्या जुन्या वेळांच्या जवळ जाऊ शकले नाहीत. वीरधवलने ग्वांगझूचं पदक साध्या कापडी सूटमध्ये घेतलं आणि जकार्ताचा विक्रमही. या माणसाची वेळ त्याची स्वतःची आहे.

---

स्पष्टवक्ता

वीरधवलबद्दल आदर आहेच, पण धाग्याच्या मूळ मुद्द्याशी असहमत.

पदक ते पदक. १९८६ नंतर आलेलं, चोवीस वर्षांनी आलेलं. त्यानंतर २०१४ ला इंचिऑनमध्ये संदीप सेजवालने ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला ब्राँझ घेतलं. २०१८ ला काही नाही, २०२३ ला हांगझूलाही नाही. म्हणजे जवळपास चाळीस वर्षांत आशियाई स्पर्धेतली जलतरणाची पदकं मोजून तीन. त्यातलं एक वीरधवलचं. ते बाजूला ठेवून चौथ्या क्रमांकाला मोठं म्हणायचं हे मला पटत नाही.

दुसरं, वेळ जगाच्या मापाने बघा. सेझार सिएलोने २००९ ला २०.९१ नोंदवली होती. सुपरसूटचा काळ म्हणून ती सोडून देऊ. पण कॅलेब ड्रेसेल २०१७ ला बुडापेस्टमध्ये २१.१५ पोहला, तो कापडी सूटमध्येच. टोकियो ऑलिंपिकची थेट पात्रता वेळ होती २२.०१. आपले २२.४३ तिथून चार दशांशांहून जास्त लांब. ५० मीटरमध्ये हे अंतर फार मोठं असतं. आपण चौथ्या क्रमांकाचे पोवाडे गात बसलो तर हे अंतर कमी कसं होणार?

---

राजारामपुरी७

@स्पष्टवक्ता, मुद्दा रास्त आहे आणि आकडे बरोबर आहेत. पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे.

२०१० ला त्याच्यामागे चार-पाच वर्षांचा सलग सराव होता. चांगला कोच, चांगला टँक, बरोबर पोहायला सेजवालसारखे तोडीस तोड साथी. अशा वातावरणात एकोणीस वर्षांचा गुणी मुलगा पदक घेतो. मोठी गोष्ट आहे, पण ती कशी घडली हे समजतं. २०१८ ला यातलं जवळपास सगळं त्याला नव्याने जमवावं लागलं. आणि तो जुन्या वेळेच्या जवळपास येऊन थांबला नाही, त्याच्याही पुढे गेला. मी ते मोठं म्हणतो ते याच अर्थाने. एकोणिसाव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत सलग सराव मिळाला असता तर हा २२.०१ च्या किती जवळ पोहोचला असता, हा प्रश्न मला छळतो. तुम्ही ज्या अंतराबद्दल बोलताय ते त्या गेलेल्या वर्षांतच दडलेलं आहे, असं माझं मत.

---

पर्थकर

इकडे ऑस्ट्रेलियात मुलं क्लबमध्ये पोहत असली की आईबापांना आळीपाळीने वेळ घ्यायला उभं राहावंच लागतं. त्या निमित्ताने टचपॅड, घड्याळं, नियम यांचा बराच अभ्यास झाला. जकार्ताच्या त्या एका शतांशाबद्दल लिहितो, कारण त्यावर खूप गैरसमज ऐकले आहेत.

५० मीटर २२.४७ सेकंदांत म्हणजे सरासरी वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर. एका शतांश सेकंदात माणूस साधारण दोन सेंटिमीटर सरकतो. म्हणजे नाकाओ आणि वीरधवल यांच्यात ५० मीटरला फरक होता अंगठ्याच्या नखाएवढा.

शेवटी भिंतीवर जो पॅड असतो तो कमीत कमी २.४ मीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच, त्यातला ३० सेंटिमीटर पाण्याच्या वर आणि ६० खाली. जाडी एक सेंटिमीटर. नुसत्या लाटेने तो वाजू नये म्हणून त्याला थोडा दाब लागतो. हळुवार बोट टेकवलं तर घड्याळ थांबेलच असं नाही, भिंत हाणावी लागते. आमच्या क्लबमध्ये लहान मुलांना पहिल्या दिवसापासून तेच शिकवतात.

बरेच जण विचारतात, मग हजारांशापर्यंत का मोजत नाहीत? एकेकाळी मोजलं होतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलीला (एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक) स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी शतांशापर्यंत बरोबरीत होते. हजारांशावर निकाल लावला, लार्सन ४:३१.९८१ आणि मॅकी ४:३१.९८३. सुवर्ण लार्सनला. मग लोकांच्या लक्षात आलं की टँकच्या भिंतीच इतक्या अचूक नसतात. नियमाप्रमाणे ५० मीटरच्या टँकमध्ये प्रत्येक लेनला तीन सेंटिमीटरपर्यंत जास्तीची सूट आहे. लेनच्या लांबीतच इतका फरक असू शकतो तर मिलिमीटरवर निकाल लावणं हा अन्याय. म्हणून पुढे शतांशावर थांबायचं ठरलं आणि बरोबरी झाली तर पदक दोघांना. २००० च्या सिडनीत ५० फ्रीलाच अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल ज्युनिअर दोघेही २१.९८, दोघांनाही सुवर्ण.

म्हणून जकार्ताचं जास्त लागतं. ज्या तीन सेंटिमीटरची सूट नियमच देतो त्याहून कमी अंतराने हे पदक गेलं. कोणाची चूक नाही, सगळं नियमात बसणारं. फायनलमध्ये तो एक शतांश लवकर भिंतीला लागला असता तर नाकाओबरोबर त्यालाही ब्राँझ मिळालं असतं.

वीरधवलच्याच बीजिंग ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायला फेल्प्सने चाविचला असंच हरवलं होतं, ५०.५८ विरुद्ध ५०.५९. चाविच पुढे होता, पण शेवटी हात लांबवून सरकत आला. फेल्प्सने अर्धा स्ट्रोक जास्त मारला आणि भिंत हाणली.

---

मेघना_ठाणे

पर्थकर, इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, जिल्हा आणि राज्य पातळीवर ५० फ्री आणि ५० बटरफ्लाय करते, म्हणून हा धागा जीव तोडून वाचतेय. आमच्या भागातला महापालिकेचा तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला तो कितीतरी महिने बंदच राहिला. मुलीला दुसरीकडे न्यायचं म्हणजे पहाटे साडेचारला उठायचं, लोकल, रिक्षा, मग शाळा. लॉकडाउनमध्ये तर सगळंच थांबलं होतं.

त्यावरून आठवलं. जून २०२० मध्ये वीरधवलने जाहीरपणे लिहिलं होतं की परिस्थिती अशीच राहिली तर निवृत्तीचा विचार करावा लागेल. बाकी खेळाडूंना मैदानं मिळायला लागली होती, जलतरणपटूंचं कोणी नावच घेत नव्हतं. तेव्हा फार लोकांनी ते मनावर घेतलं नाही. पण आम्हा पालकांना ते अगदी आतून कळलं होतं.

शिट्टी सर, तुम्हाला एक विचारायचं होतं. मुलगी शेवटच्या पाच मीटरमध्ये मान वर काढते. कितीही सांगितलं तरी भिंत बघायला डोकं उचलतेच. यावर काय करायचं?

---

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

मेघनाताई, तुमच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, पण आज मीट आहे, उद्या लिहीन.

लॉकडाउनबद्दल एवढंच सांगतो. मार्च २०२० ला टँक बंद झाले आणि खेळाडूंच्या सरावासाठी उघडायची परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबरपासून. मध्ये ऑगस्टमध्ये श्रीहरी नटराज, कुशाग्र रावत आणि साजन प्रकाश यांना सरावासाठी दुबईला पाठवलं. टोकियोसाठी 'ए' वेळ म्हणजे थेट प्रवेश, 'बी' वेळ त्याहून थोडी सैल, पण प्रवेशाची खात्री नाही. वीरधवल 'बी' वेळेत बसणाऱ्या सहा भारतीयांपैकी एक होता. त्याच्या वयाला, एकोणतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, सात महिने पाण्याबाहेर म्हणजे काय ते मी वर लिहिलंच आहे. श्रीहरी आणि साजन पुढे 'ए' वेळ पोहून टोकियोला गेले. साजनने रोममध्ये २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये पोहून 'ए' वेळ गाठणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला. त्याचा आनंद आहेच. पण वीरधवलच्या बाबतीत त्या सात महिन्यांनी दार बंद केलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

---

सातबारा

महसूल खात्यात नोकरीत आहे, त्यामुळे एका बाजूवर बोलू शकतो.

बाहेरून लोकांना वाटतं की खेळाडूला तहसीलदार केलं म्हणजे त्याचं भलं झालं. झालंच, नाकारत नाही. घराला स्थैर्य येतं, आईवडिलांची काळजी मिटते, समाजात मान मिळतो. शासनाने असे बरेच खेळाडू घेतले, ललिता बाबर उपजिल्हाधिकारी झाली, राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाला. यामागचा हेतू चांगलाच आहे.

पण तहसीलदाराचं काम कसं असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. निवडणूक लागली की दोन-तीन महिने दुसरं काही नाही. अतिवृष्टी झाली की पंचनामे, पूर आला की रात्री-अपरात्री गावात. फेरफाराच्या सुनावण्या, दाखले, वसुली, वाळूवर धाडी, मंत्र्यांचे दौरे. रजा मागायची तर वरिष्ठांकडे अर्ज, त्यांना मागच्या बाजूला काम कोणावर द्यायचं हा प्रश्न. पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी पुन्हा दोन तास पाण्यात, हे या खुर्चीत बसून शक्य नाही.

म्हणून मला वाटतं खेळाडूला नोकरी द्यावी, पण खेळत असेपर्यंत प्रत्यक्ष कामाची जबाबदारी देऊ नये. रेल्वे आणि सेनादलांत खेळाडूला सरावासाठी मोकळीक मिळते, ती पद्धत रुळलेली आहे. महसुलात तशी सोय बसत नाही. दोष कोणा अधिकाऱ्याचा नाही, पदच तसं आहे. वीरधवलने या पदावर असताना राष्ट्रीय विक्रम केला, हे ऐकल्यावर आमच्या कचेरीत कोणाचा विश्वास बसत नव्हता.

राजारामपुरीशी म्हणूनच सहमत. पदकापेक्षा ते २२.४३ मोठे.

---

नीलांबरी

इतकी चर्चा झाली पण ऋजुताचं नाव अजून कोणीच घेतलं नाही!

ऋजुता खाडे, माहेरची भट. स्वतः आंतरराष्ट्रीय जलतरणपटू. २०२३ ला गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, पणजीत कांपालच्या तलावावर. त्या स्पर्धेत एकाच दिवशी वीरधवलने पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं आणि ऋजुताने महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं. नवरा-बायको, एकच अंतर, एकच प्रकार, दोघांनाही महाराष्ट्रासाठी सुवर्ण. त्या स्पर्धेनंतर वीरधवलने स्पर्धेतल्या पोहण्याचा निरोप घेतला.

मला धाग्यातला प्रश्नच थोडा अपुरा वाटतो. ग्वांगझू की जकार्ता असं विचारताना गोवा सुटून जातं. बत्तिसाव्या वर्षी देशात ५० मीटरला पहिलं येणं, आपल्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलांना मागे टाकून, हेही त्याच चिकाटीचं फळ. आणि घरात दुसरी व्यक्ती तेच करत असणं, पहाटेचा गजर दोघांसाठी एकच असणं, याचा आधार केवढा असेल. लग्नानंतर पोहणं सोडणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. ऋजुताने सोडलं नाही, उलट जिंकली. त्या दिवसाचा दोघांचा फोटो मी अजून जपून ठेवला आहे.

---

वारणाकाठ

+१ नीलांबरीताई.

अवांतर, पण ५० फ्रीस्टाइलचा विषय आहे म्हणून राहवत नाही. आपल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण, ३७.३३ सेकंद. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण! पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, म्हणजे जकार्ताचंच वर्ष. सांगली-कोल्हापूरच्या या पट्ट्यातल्या ५० मीटरबद्दल बोलताना पेटकरांचं नाव यायलाच हवं.

---

राजारामपुरी७

@नीलांबरी, गोव्याचा मुद्दा मनापासून मान्य. ती दोन सुवर्णपदकं या धाग्यात आली हे फार बरं झालं.

@वारणाकाठ, अवांतर अजिबात नाही.

@सातबारा, तुम्ही आतून सांगितलंत त्याने मला वाटत होतं ते नेमकं कळलं. आजवर मी नोकरीकडे कृतज्ञतेनेच बघत होतो, कारण खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणूनही त्यांची आयुष्यभर कशी उपेक्षा झाली, हे आमच्याकडच्या प्रत्येक घरात बोललं जातं. त्यामुळे खेळाडूला पद मिळालं की आम्हाला न्याय झाल्यासारखं वाटतं. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला, ज्याची सर्वोत्तम वर्षं अजून पुढे आहेत, पूर्ण वेळेचं पद देणं आणि निवृत्त खेळाडूला देणं यात फरक केला पाहिजे.

---

स्पष्टवक्ता

सातबारा यांची पोस्ट दोनदा वाचली. माझं मत बदललेलं नाही, मी पदकालाच मोठं म्हणेन. पण एक गोष्ट जोडतो, ती राजारामपुरींच्या बाजूची आहे.

वीरधवलचं पदक ५० मीटर बटरफ्लायचं. त्याच्या उमेदीच्या संपूर्ण काळात ही शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हती. बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक यांच्या ५० मीटरच्या शर्यती जागतिक आणि आशियाई स्पर्धांत होत्या, ऑलिंपिकमध्ये फक्त फ्रीस्टाइलची. म्हणजे ज्या प्रकारात तो आशियात तिसरा होता त्यात ऑलिंपिकला जायचा रस्ताच नव्हता. सेजवालचंही तेच, ५० ब्रेस्ट. एप्रिल २०२५ मध्ये निर्णय झाला की २०२८ च्या लॉस एंजेलिसला या तिन्ही शर्यती पुरुष आणि महिला दोघांसाठी असतील. भारतीयांनी अलीकडे आशियाई पदकं घेतली ती दोन्ही ५० मीटरची, हे लक्षात घेतलं तर आपल्यासाठी हा निर्णय फार महत्त्वाचा आहे. वीरधवलला हा बदल पंधरा वर्षं आधी मिळायला हवा होता.

आशियाई स्पर्धेत पोहण्याच्या शर्यतीतलं सुवर्ण मात्र आजवर एकच, १९५१ ला दिल्लीत सचिन नागने १०० मीटर फ्रीस्टाइलला घेतलेलं. पुढच्या आशियाई स्पर्धा २०२६ ला जपानात आयची-नागोयाला आहेत, जलतरण टोकियोत. बघू.

---

मेघना_ठाणे

५० बटरफ्लाय २०२८ ला ऑलिंपिकमध्ये? हे मला माहीतच नव्हतं. मुलीला शाळेतून आल्या आल्या सांगितलं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

मग सर, आता फक्त बटरफ्लायवरच लक्ष द्यावं का?

---

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

नाही, ताई. तेराव्या वर्षी मुळीच नाही. वीरधवलचंच बघा, बीजिंगला तो ५० बरोबर २०० फ्रीसुद्धा पोहला होता. पाया लांब अंतराचा होता म्हणून पुढे पन्नासला वेग टिकला. दोनशे मेडली, दोनशे फ्री, हे सगळं करू द्या. चारही स्ट्रोक येऊ द्यात. सोळा-सतरानंतर शरीर भरतं तेव्हा कळेल तिची शर्यत कोणती.

आता मान वर काढण्याबद्दल. भिंत कुठे आहे याची खात्री नसते म्हणून मुलं डोकं उचलतात. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, पाय बुडतात, आणि शेवटच्या स्ट्रोकला वेग मरतो. ओरडून उपयोग नाही, खात्री द्यावी लागते. मी असं करून घेतो:

टँकच्या तळाला जी काळी रेघ असते ती भिंतीपासून दोन मीटर अलीकडे संपते आणि तिथे आडवी रेघ असते. मान न उचलता, नजर तळाशी ठेवून ती आडवी रेघ बघायला शिकवा. मग पाच मीटरच्या झेंड्यांपासून पूर्ण वेगात भिंतीपर्यंत, पुन्हा पुन्हा, श्वास न घेता. रेघ दिसल्यापासून भिंतीपर्यंत आपले किती स्ट्रोक बसतात ते तिने स्वतः मोजायचं. ती मोजणी एकदा अंगात भिनली की डोकं आपोआप खाली राहतं. बटरफ्लायला हात मध्येच अडकला तर लांबवून सरकायचं नाही, छोटा स्ट्रोक मारून भिंत हाणायची. पर्थकरांनी फेल्प्स-चाविचचं लिहिलंय तेच.

थकलेली असताना करून घ्या, सरावाच्या शेवटी. ताजी असताना सगळ्यांनाच जमतं.

---

मेघना_ठाणे

खूप आभार, सर. आडव्या रेघेचं तिला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. शनिवारी तिच्या कोचशी बोलते आणि पंधरवड्याने इथेच लिहिते काय फरक पडला ते.

---

पर्थकर

मेघनाताई, एक भर. आमच्याकडे मुलांना झेंड्यांपासून भिंतीपर्यंतचा भाग मोबाइलवर पाण्याच्या पातळीवरून बाजूने चित्रित करून लगेच दाखवतात. आपलं डोकं कधी वर गेलं ते मूल स्वतः बघतं, मग दहा वेळा सांगावं लागत नाही. तलावावर चित्रीकरणाला परवानगी लागते, ती आधी विचारून घ्या.

आणि राजारामपुरी, खजान सिंगच्या सोलच्या २:०२.३८ वर वेगळा धागा काढाल का? १९८६ ला ती वेळ भारतात सराव करून कशी आली, यावर वाचायला फार आवडेल.

---

राजारामपुरी७

काढतो. सोलच्या त्या शर्यतीची जुनी कात्रणं एका मित्राच्या वडिलांकडे आहेत असं ऐकलंय. ती मिळाली की लिहायला घेतो. कोणाकडे त्या काळातलं काही असेल, विशेषतः खजान सिंगच्या सरावाबद्दल, तर इथे किंवा व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) जरूर कळवा.